फडक्याखालची बोटं

मीच बोलले. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हिनं गोष्ट आपल्या सोयीनं फिरवली. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आईच लग्नाआधी चार लोकांत सांगायची. पण त्या दिवशी मी बोलले ते खोटं नव्हतं. ते बोलले नसते तर बरं झालं असतं का, हे मात्र मला आजही कुणी विचारू नये.

आमची दोन्ही घरं एका करवतीवर चालायची. लाकडाच्या वखारीत माणसाच्या उंचीहून खोल खड्डा असतो. त्यावर दोन आडवे वासे, वाशांवर ओंडका, आणि ओंडका घरंगळू नये म्हणून दोन्ही अंगांना पाचरी ठोकलेल्या. करवत पुरुषभर लांब, उभी चालते. एकानं ओंडक्यावर उभं राहून ओढायची, दुसऱ्यानं खड्ड्यात उभं राहून. वर असायचे माझे थोरले दीर. घर त्यांना दादा म्हणायचं, म्हणून मीही दादाच म्हणायची. खाली माझा नवरा. वरच्यानं ओंडक्यावर मारलेल्या कोळशाच्या रेघेवर नजर ठेवायची आणि खालच्यानं तोंड मिटून भुसा खायचा. नवऱ्याचे डोळे बारा महिने लाल, आणि घरी आला की कान झटकायला त्याला अर्धा तास लागायचा. ह्या कामात एकट्याला किंमत नाही. जोडी फुटली की दोघंही घरी.

मी आणि माझी जाऊ वखारीच्या टोकाला बसून ओंडक्यांची साल काढायचो. त्याचे पैसे नव्हते. काढलेली साल घरी न्यायची, चुलीत घालायची, उरली तर विकायची. बायकांना तेवढं पुष्कळ, असं मुकादमाचं मत.

आता मुकादमाचं सांगते. आठवड्याच्या शेवटी, दुपारी, तो छपरीत खाट टाकून बसायचा. गड्यांनी रांग लावायची. एकेकानं पुढं जाऊन उजवा हात द्यायचा. मुकादम दोघांच्या हातांवर एक फडकं टाकायचा आणि फडक्याखाली बोटं दाबायचा. एक बोट म्हणजे एक मोठी नोट. अख्खा पंजा आवळला की पाच, त्यावर एक बोट दाबलं की सहा. पेर चिमटलं की अर्धी. मग तेवढ्या नोटा फडक्याखालूनच मुठीत सरकायच्या. तोंडानं आकडा काढायचा नाही, बाहेर कुणाला सांगायचा नाही. ज्यानं सांगितला त्याची करवत त्याच दिवशी बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो दरवेळी म्हणायचा आणि रांगेतले हसायचे. मीही हसायची. मूठ घरी येऊन माझ्यासमोर उघडायची ना, मग मला काय.

करवतींना कानस लावणारा एक म्हातारा होता. त्याला सगळे अडीच म्हणायचे, कारण उजव्या हाताला बोटं तेवढीच उरली होती. चार वर्षांपूर्वी तो वर आणि माझा नवरा खाली, अशी जोडी होती. करवत अडकू नये म्हणून चिरेत पाचर घालायला म्हातारा वाकला, हात घसरला आणि बोटं खड्ड्यात पडली. तेव्हापासून दादा वर आले. म्हातारा स्वतःच थट्टा करायचा. "मुकादम दाबतो उरलेली बोटं. मला आहेतच अडीच, मजुरी वाढणार कुठून?" माझा नवरा ह्या थट्टेला कधी हसला नाही. मला वाटायचं, ह्याला विनोद कळत नाही.

त्या वर्षी नदी आटली. लाकूड पाण्यावरून यायचं, ते वरच दगडांत अडकून पडलं. जे आलं ते ऊन खाऊन इतकं टणक झालं होतं की करवतीचे दात दुपारपर्यंत बोथट व्हायचे. मुकादम म्हणाला, तीन करवतींना पुरेल एवढं काम नाही, एक बंद करावी लागेल. कुठली ते बघू. एवढंच बोलला आणि पाठ फिरवली. त्या दिवसापासून सहा गडी एकमेकांकडे चोरासारखे बघायला लागले. एक पाणी प्यायला गेला तरी दुसरा बघायचा, हा मुकादमाशी बोलायला तर गेला नाही ना.

दोन आठवडे असे गेले. आमच्या आणि दादांच्या घरात एकच भिंत. वर्षापूर्वी चुली वेगळ्या झाल्या होत्या, तेही माझ्या आणि जावेच्या तोंडापायी. भिंतीपलीकडं काय शिजतं, काय नाही, सगळं कळायचं. पलीकडं दिवसातून एकदाच चूल पेटायला लागली. जाऊ दोनदा पीठ मागून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी वाटी भरून दिली, पण तोंड वाकडं करून दिली. ते तिनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साल काढताना तिनं वचपा काढला.

"तुझ्या घरात बरं दोनदा शिजतं गं," ती म्हणाली. हातातलं पातं थांबवलंसुद्धा नाही.

"आमच्या नशिबानं."

"नशीब कसलं. तुझा नवरा मुकादमाच्या कानाला लागतो, असं लोक म्हणतात. खड्ड्यात उभं राहून वरच्याच्या चहाड्या सांगायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे."

"कोण लोक?"

"लोक."

"लोकांना आपलं तोंड नाही वाटतं. तुमचं उसनं घेतात."

"कानामागून आली आणि तिखट झाली," जाऊ म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं तुझ्या नवऱ्याला करवत धरायला शिकवली. बाप गेल्यावर ताटातला घास काढून दिला. त्याची ही फेड."

तिथं माझं डोकं गेलं. मी पातं खाली ठेवलं आणि म्हणाले, "चहाडी करून नाही आणत. सहा बोटं दाबून घेऊन आणतो. तुमच्या माणसाला तोंड उघडून मागता येत नाही, त्याला आम्ही काय करावं?"

जाऊ थांबली. "किती?"

"सहा. दोन वर्षं झाली."

तिचा चेहरा आधी कोरा झाला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यांना पाच होती. मागच्या आठवड्यापासून चार."

मला वाटलं तिच्या हाताला धरावं. पण तेवढ्यात तिनं पात्याची चपटी बाजू माझ्या तोंडावर हाणली. मी तिचे केस धरले. आम्ही दोघी सालींच्या ढिगात लोळलो. तिच्या कोपराखाली माझं नाक होतं, आणि माझ्या दातांत तिचं मनगट. अडीच धावत आला आणि डाव्या हातानं एकेकीला ओढून बाजूला केलं. माझं नाक फुटलं होतं, ओठ दातांत चिरला होता. जाऊ उठली, मनगटाला चिंधी गुंडाळली आणि राहिलेला ओंडका सोलून संपवला. मग साल न घेताच घरी गेली.

संध्याकाळी मी भिंतीला कान लावला. वाटलं, आता आदळआपट होईल. काहीच झालं नाही. फक्त जाऊ एकदा बोलली आणि नंतर दादा बराच वेळ खोकले. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "का बोललीस?"

"विचारलं म्हणून बोलले."

"तिनं विचारलं नव्हतं. तू ऐकवलंस."

हे खरं होतं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. तो त्या दिवशी जेवला नाही.

सकाळी दोघं रोजच्यासारखे वखारीत गेले. मी मागून. वाशांवर जाड ओंडका चढवलेला होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. दादा वर चढले, नवरा खड्ड्यात उतरला. करवत सुरू झाली. मी चाळीस पावलांवर बसले होते आणि आवाजावरूनच मला कळलं की आज काही धड नाही. करवतीची एक लय असते. आज दादा वर ओढताना हिसका देत होते. खालच्याचे खांदे उखडावेत असा हिसका.

"किती?" दादा वरून म्हणाले.

करवत वर गेली, खाली आली.

"किती?"

पुन्हा हिसका. नवऱ्याचा हात मुठीवरून सुटला आणि त्यानं परत धरली. साल काढणारी माणसं, गडी, सगळे उभे राहिले. जवळ कुणी गेलं नाही.

"तुला विचारतोय. दोन वर्षं माझ्या पायाखाली उभा राहून किती घेतलेस?"

"दादा, रेघ सुटतेय," नवरा खालून म्हणाला.

त्या शब्दानं घात केला. काम शिकवणाऱ्याला खालच्यानं रेघ दाखवायची नसते. दादांनी करवत सोडली, वाकले आणि एका अंगाच्या पाचरीवर टाच मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाचर उडाली. ओंडका कुरकुरला आणि फिरला. त्याचं एक टोक वाशावरून घसरून खड्ड्यात गेलं. खालून आवाज आला तो किंचाळण्याचा नव्हता. पोटातली हवा एकदम निघून जावी, तेवढाच.

मी धावले. कशी धावले मला आठवत नाही. मी कडेला पोचले तोवर दादा खाली उडी मारून उतरले होते. नवरा भुशात गुडघ्यावर पडला होता, ओंडक्याचं टोक त्याच्या डाव्या खांद्यावर आणि खड्ड्याच्या भिंतीवर टेकलेलं. दादांनी त्याच्या शेजारी वाकून पाठ ओंडक्याखाली घातली. चार माणसांचं ओझं त्या एका माणसानं उचललं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, नाकातून रक्त आलं, पाय भुशात घोट्यापर्यंत गेले. "निघ," ते म्हणाले. "निघ, नालायका."

नवरा सरपटत निघाला. डावा हात त्याच्या मागून दुसऱ्याचा असल्यासारखा ओढला जात होता. दादांनी ओंडका भिंतीवर कलता केला आणि खाली बसले. मग त्यांनी त्याच्या तोंडात मारली. फाडकन, उघड्या हातानं. नवऱ्यानं उजव्या हातानं भुसा उचलून त्यांच्या डोळ्यांत फेकला. असे दोघं, एकाला हात नाही, दुसऱ्याला दिसत नाही, खड्ड्यात एकमेकांना मारत होते आणि रडत होते. सख्खे भाऊ.

"मुकादमानं बजावलं होतं," नवरा म्हणाला. "मी दुसऱ्या वखारीत जातो म्हटलं तेव्हा त्यानं वाढवले. भावाला कळलं तर दोघांची करवत बंद, म्हणाला."

दादा डोळे चोळायचे थांबले. "मला म्हणाला, एक बोट सोड. नाहीतर तुझ्या भावाला काढतो."

"म्हणून चार?"

"म्हणून."

ह्यालाच म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एकमेकांसाठी दोघं गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यावर तो मुकादम दर आठवड्याला आपली वरकड कमाई काढत होता. जो पळून जाईल त्याला जास्त द्यायचं, जो कुठं जाणार नाही त्याचं कापायचं. वर एक करवत बंद करण्याची भीती घालायची. इतकं साधं होतं ते. आम्ही कुणी कुणाला विचारलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

नवऱ्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हाड बसवणाऱ्यानं फळीला हात बांधून दिला आणि म्हणाला, हा हात आता डोक्यावर जाणार नाही. म्हणजे करवत गेली. जावेनं माझ्या दारात पाण्याची कळशी आणून ठेवली. मी कळशी आत घेतली.

तिसऱ्या दिवशी मजुरीचा वार. नवरा हात बांधून रांगेत उभा राहिला, मी त्याला धरून. अडीच छपरीच्या बाजूला बसून कानस चालवत होता. दादा सगळ्यांच्या पुढं गेले. मुकादम त्यांच्याकडं बघून म्हणाला, "घरातली भांडणं वखारीत आणता होय रे? लाकूड फुकट गेलं माझं." मग फडकं टाकलं.

फडकं हललं. मुकादमानं एक बोट दाबलं असणार, दुसरं दाबलं असणार. मग फडकं थांबलं आणि मुकादमाचा चेहरा बदलला.

"सोड," तो म्हणाला.

"पहिल्या करवतीच्या वरच्याला किती?" दादांनी विचारलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"वेड लागलं का तुला? सोड हात."

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मुकादम खाटेवरून गुडघ्यावर आला. वीस वर्षं करवत ओढलेल्या माणसाची मूठ होती ती. फडकं तसंच वर होतं, सरकलंसुद्धा नव्हतं.

"पहिल्या करवतीच्या वरच्याला किती?"

"आठ."

रांगेत पहिल्या करवतीचा खालचा उभा होता. त्यानं मान वळवून आपल्या जोडीदाराकडं पाहिलं.

"खालच्याला?"

दुसऱ्यांदा तो आवाज आला.

"साडेतीन. साडेतीन."

"दुसरी करवत."

"दोघांना पाच पाच."

"खोटं," दुसऱ्या करवतीचा वरचा म्हणाला. "मला सहा आहेत." आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यानं तोंडावर हात ठेवला. पण त्याचा जोडीदार त्याच्यावर धावून गेला होता. दोघं रांगेतच एकमेकांच्या गळ्याला लागले. कुणी सोडवलं नाही, सगळ्यांचे कान छपरीकडं होते. तिसरं बोट मोडलं.

"माझ्या भावाला किती?"

"सात."

मी नवऱ्याचा दंड धरला होता, तो माझ्या हातून सुटला. सात. माझ्यासमोर दर आठवड्याला मूठ उघडायची, त्यात सहा नोटा असायच्या. मी त्या डब्यात ठेवायची आणि जावेच्या घराकडं बघून नाक उडवायची. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. तो अडीचकडं बघत होता. कानशीचा आवाज थांबला होता.

तेवढ्यात वखारीच्या मालकाची माणसं आली. माणसं कसली, आमच्यातलेच ओंडके ढकलणारे गडी. हातात कुऱ्हाडीचे दांडे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही. पहिला दांडा दादांच्या कानशिलावर बसला, दुसरा पाठीवर. दादांनी मूठ सोडली नाही. पाचव्या का सहाव्या फटक्याला ते आडवे झाले आणि फडकं त्यांच्याच तोंडावर पडलं. जाऊ त्यांच्या अंगावर पडली तर तिलाही दोन बसले. मी दांडा धरला, तो माझ्या बोटांवरून खरवडत निघाला आणि हातात नुसती सालपटं राहिली. मग शिपाई आले आणि दादांना हातपाय धरून गाडीत टाकून घेऊन गेले. जिथं ते पडले होते तिथला भुसा लाल होऊन गोळा झाला होता. जावेनं तो ओंजळीत भरून बाजूला टाकला.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "सातवं बोट कुठं जातं?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "म्हाताऱ्याला."

"का?"

"तो घसरला नव्हता. थांब म्हणाला होता. मी ऐकलं, पण माझा हात करवत ओढत सुटला होता." तो फळीला बांधलेल्या हाताकडं बघत बोलत होता. "त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला कुणी करवतीवर घेतलं नसतं."

मला राग आला, पैशाचा नाही. इतकी वर्षं हा माणूस माझ्याशेजारी झोपला आणि हे एकट्यानं गिळत राहिला. मी म्हणाले, "मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

"तू कुणाला तरी ऐकवलं असतंस," तो म्हणाला.

मी चूल पेटवली. मग भिंतीवर मूठ आपटून जावेला हाक मारली, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं एकाच चुलीवर शिजायला लागलं.

वखार बंद पडली. म्हणजे कुणी ठरवलं नाही. पहिल्या करवतीचा साडेतीनवाला खड्ड्यात उतरेना, दुसऱ्या करवतीचे दोघं सुजलेली तोंडं घेऊन आले आणि कडेला बसले. अडीचनं कानशी फडक्यात गुंडाळून ठेवल्या. मालकानं पुलाच्या फळ्यांचं काम घेतलं होतं, मुदत दारात आली होती. चार दिवस ओंडके उन्हात तडकत पडले.

पाचव्या दिवशी सकाळी मुकादम आला. उजव्या हाताला पंजाभर पट्टी. छपरीत न जाता खड्ड्यांपाशी उभा राहिला. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं सवयीनं डाव्या हातानं खांद्यावरचं फडकं ओढलं आणि तसंच हातात धरून राहिला. दाबायला उजव्या हाताची बोटं नव्हती. तोंडानं बोलावं लागलं.

"वरच्याला सहा," तो म्हणाला. "खालच्याला सहा."

"मोठ्यानं," अडीच म्हणाला.

मुकादमानं मोठ्यानं सांगितलं. पहिल्या करवतीचा खालचा उठला आणि खड्ड्यात उतरला. आठवाला थोडा वेळ बसून राहिला, त्याची दोन गेली होती. मग शिवी देऊन तोही ओंडक्यावर चढला.

तिसरा खड्डा रिकामा होता. दादा कोठडीत, कधी सुटतील ठाऊक नाही. नवरा माझ्याशेजारी, फळी बांधलेला. मुकादम म्हणाला, "ही करवत बंद. जोडी नाही."

जाऊ सालींच्या ढिगातून उठली. तिच्या पाठीवर दांड्याचा वळ अजून हिरवा होता, चालताना एका अंगानं वाकत होती. ती ओंडक्यावर चढली, पायाच्या बोटांनी लाकूड चाचपलं आणि दादा उभे राहायचे तिथं उभी राहिली. खाली न बघता म्हणाली, "खालची उतर."

मी उतरले. खड्ड्यात लाकडाचा आणि घामाचा वास होता. भुशात अजून माझ्या नवऱ्याच्या टाचांचे खळगे होते.

"बायकांची करवत?" मुकादम वरून म्हणाला. "ह्यांना काय द्यायचं?"

"सांग ना," अडीच म्हणाला. "सगळ्यांना ऐकू येऊ दे."

शेजारच्या दोन्ही करवती थांबल्या होत्या. मला खड्ड्यातून माणसं दिसत नव्हती, फक्त जावेचे तळपाय दिसत होते, भेगा पडलेले.

"सहा," मुकादम म्हणाला. "सहा आणि सहा."

मी वर हात करून करवतीची मूठ धरली. चार वर्षं माझ्या नवऱ्यानं जे पाहिलं ते मी पाहत होते. ज्या दिवशी मी सहा हा आकडा जावेच्या तोंडावर फेकला, त्या दिवसापासून आमच्यात एक सरळ शब्द झाला नव्हता. भुसा पडायच्या आधीच माझे डोळे झोंबायला लागले.

"ओढ," जाऊ म्हणाली, आणि मी ओढलं.